कल्याणीने उरवलेला तुकडा

कल्याणीला चॉकलेट आवडत नाही. लहानपणी माहेरी, आणे गावच्या जत्रेत मामाने हातावर ठेवलेलं चॉकलेट तिने एकदा चाखलं, तोंड वाकडं केलं आणि भावाला देऊन टाकलं. तिला साधी साखर आवडते. तिच्या नवऱ्याला, नवनाथला, साधी साखर म्हणजे देवाचा प्रसाद वाटतो. हातात आली तर खायची, मागून घ्यायची नाही.

साखरपुडा झाल्यावर दोघं पहिल्यांदा एकटी भेटली ती नारायणगावच्या एका बेकरीत. काचेमागे डोनट मांडलेले होते. नवनाथने चॉकलेटचा घेतला, कल्याणीने वरून साखर भुरभुरलेला. तिच्या डोनटकडे बघून तो म्हणाला, "हा तर आपला गुलगुला. नुसतं भोक पाडलंय."

"आन् तुमचा?"

"माझा इंजिन ऑइलात बुडवलेला."

ती हसली. लग्न जमलं ते तेव्हाच, असं ती मैत्रिणींना सांगायची.

लग्न होऊन ती निमगाव साव्याला आली. नवनाथचं घर मळ्यात. तीन बाजूंनी ऊस, तोही भावकीतल्या भागुजींचा. आण्याच्या पठारावर नजर पोचेल तिथवर मोकळं असतं. कोण येतंय ते माणूस ओळखू येण्याआधीच कळतं. इथे अंगणात उभं राहिलं की समोर हिरवी भिंत. वारा नसला तरी ती आतल्या आत सळसळायची. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, "आत काय हाय?"

सासू साळुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "रानडुक्कर. कोल्हं. आन् त्यो."

त्याचं नाव साळुबाई घेत नसे.

नवनाथ बोलण्यात कुणाला हार जात नसे. बाजारात दलाल त्याच्यापुढे गप्प बसत. कल्याणी एक वाक्य जुळवेपर्यंत त्याचा विषय संपवून झालेला असायचा. टीव्ही घ्यायची वेळ आली तेव्हा आठवडाभर तो एकटाच बोलत होता. शेवटी ती त्याला त्याच बेकरीत घेऊन गेली. दोन डोनट मागवले, एक काळा, एक पांढरा. मग बश्या बदलल्या.

"आता तुमचा मी खाते, माझा तुमी खा. दोघांचं संपलं तर टीव्ही घ्यायचा. एकाचा जरी तुकडा उरला, तर विषय बंद. का, कशासाठी, काय इचारायचं न्हाई."

नवनाथला गंमत वाटली. तिला मात्र गंमत वाटत नव्हती. तिने तो काळा डोनट चहाच्या घोटाबरोबर सगळा संपवला. टीव्ही आला.

तेव्हापासून तो नेम झाला. फ्रिज आला तो तसाच. नवनाथला मोठी मोटरसायकल हवी होती, तेव्हा कल्याणीने चतकोर तुकडा बशीत ठेवला. तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग उठला, बिल दिलं, आणि त्या गाडीचं नाव पुन्हा त्याच्या तोंडून निघालं नाही. कल्याणी घरी ब्लाउज शिवायची. तिला पिकोचं मशीन हवं होतं, तेव्हा नवनाथने साखरेचा डोनट अर्धा ठेवला. तिला रडू आलं. पण तिनेही विचारलं नाही. तिचं म्हणणं चालेल अशी घरात तेवढी एकच गोष्ट होती. ती तिला मोडायची नव्हती.

बेकरीतली मंगल त्यांना ओळखू लागली होती. दोघं दारात दिसली की ती म्हणायची, "एक काळा, एक पांढरा. आज काय घेताय, इमान?"

यंदा आडसाली, दीड वर्षाचा ऊस उंच गेला. कारखान्याची तोड लांबली. दिवाळीनंतर भागुजींचं कुत्रं नाहीसं झालं. मग वरच्या मळ्यातली शेळी गेली. लेकीला, श्रेयाला, शाळेच्या गाडीपर्यंत सोडायला कल्याणी रोज उसाच्या कडेने जायची. जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावायची. एका सकाळी पाटाच्या ओल्या मातीत ठसे दिसले. श्रेयाने आपला पंजा त्यावर ठेवून बघितला.

"मम्मी, माझ्यापेक्षा मोठाय."

त्या दिवशी कल्याणीने ठरवलं. घराला जाळी हवी. अंगणासकट, चारी बाजूंनी, पुरुषभर उंच.

नवनाथचं ठरलं होतं पिकअपचं. टोमॅटोचा प्लॉट ऐन भरात होता. दुसऱ्याची गाडी वेळेवर येत नव्हती, माल उतरायला उशीर झाला की भाव पडायचा. महाळुंगे पडवळच्या गोरखकडे जुनी पिकअप होती. चांगली होती. एका वर्षात दोन्ही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"जाळी पळून चालली का?" नवनाथ म्हणाला. "गाडी आली की माल येळेवर जाईल. मग जाळी काय, भिंत घालू."

"आन् तवर?"

"तवर आमी काय मेलोय? माझा जन्म गेला हितं. आईचा गेला."

साळुबाई पडवीत शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मला कोण खातंय? नुसती हाडं. दात पडतील त्याचं."

कल्याणीला बेकरीची वाट होती.

गोरखने दुसरं गिऱ्हाईक आल्याचं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांग म्हणाला. त्या दिवशी एकादशी होती. कल्याणी एकादशी कधी मोडत नसे. तरीही दोघं नारायणगावला गेली.

मंगलने दोन बश्या ठेवल्या. नवनाथने साखरेचा डोनट उचलला आणि चार घासांत संपवला. बोटांची साखरसुद्धा चाटली. मग कल्याणीच्या बशीकडे बघितलं.

"माझा उपास हाय."

"मग?"

"घरी नेते. उद्या उपास सोडला की खाईन. तुमी डबा बघा."

नवनाथने मान हलवली. मंगलने काळा डोनट पुठ्ठ्याच्या डब्यात घातला आणि म्हणाली, "ताई, एकमेकांचंच का खाता वो तुमी? आपापलं खाल्लं तर भांडान व्हतं का?"

"आपापलं खाल्लं तरच व्हतं," नवनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाणी धरायला गेला होता. कल्याणीने वरणभात खाऊन उपास सोडला. मग डबा उघडला. डोनट रात्रभरात कडक झाला होता. तिने तो सावकाश खाल्ला. अर्ध्याच्या जरा आधी थांबली. मोठा तुकडा ठेवायचा होता, चुकून राहिला असं वाटू नये एवढा. डबा तिने टीव्हीच्या शेजारी ठेवला, झाकण उघडं ठेवून. मग श्रेयाला घेऊन ती शाळेच्या गाडीपर्यंत गेली. जाताना तिला हलकं वाटत होतं. जाळीवर दोडक्याचा वेल सोडायचा, असंही तिने मनाशी ठरवून टाकलं.

परत आली तेव्हा डबा रिकामा होता. नवनाथ घरात नव्हता.

त्याने तुकडा बघितला, असं तिला वाटलं. बघितला आणि रागाने खाऊन टाकला असेल. राग चालेल. राग दोन दिवसांत जातो.

संध्याकाळी उसाच्या वळणावर हॉर्न वाजला. पिकअप अंगणात आली. पुढे झेंडूची माळ. नवनाथ खाली उतरला, तो लग्नातही एवढा हसला नव्हता. साळुबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. नारळ फुटला. श्रेया मागच्या हौद्यात चढून नाचायला लागली.

कल्याणी हळदीकुंकू घेऊन पुढे आली. तिने बोनेटवर स्वस्तिक काढलं. याने आपला शब्द मोडला, एवढंच तिला कळत होतं. विचारायचं नाही, हा नेम तिचाच होता. तिने विचारलं नाही. तिने बोलणंच सोडलं. हो, नाही, जेवण वाढलंय. नवनाथला वाटलं, कामाने थकली असेल.

आठवड्याने तो हौद्यात क्रेट लावत होता. ती हाताखाली क्रेट देत होती. तो अचानक म्हणाला, "एक सांगू? तू त्यो डोनट सगळा संपवला ना, तवा लई बरं वाटलं. मला वाटत व्हतं तू ठेवशील. डब्यात बघतो तर कण न्हाई."

कल्याणीच्या हातातला क्रेट तसाच राहिला.

ती पडवीत गेली. साळुबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"आई, त्या दिवशी डब्यात काळा तुकडा व्हता..."

"म्या खाल्ला. टाकायचा का? मुंग्या लागाया लागल्या व्हत्या. कडू व्हता बाई. आन् त्याला मधी भोक कशापायी? पीठ वाचवाया?"

कल्याणी तिथेच उंबऱ्यावर बसली. साळुबाईने घरात कधी शिळा कण वाया जाऊ दिला नव्हता. हे कल्याणीला माहीत होतं. रोजचं होतं. तरीही तिने डबा तिथे ठेवला होता.

बाहेर नवनाथ शिट्टी वाजवत होता. आत्ता सांगितलं तर गाडी परत जाणार नाही. त्याची शिट्टी मात्र जाईल. आणि पुन्हा कधी तो बशी बदलून घेईल का, कोण जाणे. तिने ठरवलं, टोमॅटोचे तोडे संपू देत. मग सांगू. हसत हसत सांगू. तोवर जाळीचं बघू.

जाळीचा विषय तिने त्याच दुपारी काढला. "दोन तोडं व्हऊ दे," नवनाथ म्हणाला. नंतर पुन्हा, "हा एक तोडा व्हऊ दे."

ऊस उभाच होता. तोडीची टोळी आली आणि खालच्या अंगाला गेली. वनखात्याची माणसं येऊन बिबट्यासाठी पिंजरा लावून गेली. पिंजऱ्यातली कोंबडी दिवसभर ओरडायची. मग एक दिवस तिचं ओरडणं कुणाच्या लक्षात येईना, इतकी सवय झाली. कल्याणी श्रेयाला अंगणात खेळू देत नव्हती. सासूला सांगायची, "आई, भांडी मोरीतच घासा." साळुबाईला मोरीत अंधार वाटायचा. डोळ्यांना दिसत नव्हतं. ती अंगणाच्या टोकाला दगडावर बसायची, उसाकडे पाठ करून. उन्हं तिथे शेवटपर्यंत असत.

त्या दिवशीही उन्हं होती. कल्याणी आत मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज होते, घाईचे. मशीनचा आवाज चालू होता. श्रेया शेजारी चिंध्या गोळा करत होती. धागा तुटला म्हणून कल्याणीने पाय थांबवला. तेव्हा तिला ऐकू आलं. एक पातेलं अंगणातून घरंगळत आलं, पायरीला आपटलं, आणि थांबलं.

मग काहीच आवाज आला नाही. कोंबडीचासुद्धा.

फोन गेला तेव्हा नवनाथ माल घेऊन निघाला होता, निम्म्या वाटेवर. क्रेट त्याने रस्त्याच्या कडेला उतरवले आणि गाडी वळवली. तोवर भागुजी, गडी, काठ्या, फटाके, सगळे उसात शिरले होते. साळुबाई फार आत नव्हती. तिला पिकअपमधूनच नेलं. दवाखान्यात नेऊन उपयोग नव्हता, तरी नेलं. हौद्यात कल्याणी बसली होती. मांडीवर सासूचं डोकं. पदराने तिने ते झाकलं होतं. टोमॅटोचा एक क्रेट उतरवायचा राहून गेला होता. प्रत्येक खड्ड्याला तो पुढे सरकायचा.

लोक आले. रस्ता अडवला. पुढारी आले. पिंजरे वाढले. तेरावा झाला. लोक गेले. ऊस उभाच होता.

त्यानंतर एका सकाळी नवनाथ म्हणाला, "चल. जाळीचं ठरवू."

"त्यात आता काय ठरवायचं?"

"चल."

श्रेयाला आण्याला तिच्या मामाकडे ठेवलं होतं. दोघं पिकअपमधून नारायणगावला गेली. मंगलला कळलेलं होतं. ती काही न विचारता दोन बश्या ठेवून गेली. बश्या बदलल्या. नवनाथने साखरेच्या डोनटला हात लावला नाही. तो बारीक झाला होता. दाढी वाढली होती. कितीतरी दिवसांत त्याच्या तोंडून सलग चार शब्द निघाले नव्हते.

"एक इचारू?"

"इचारायचं न्हाई आसं ठरलंय."

"एकदाच. त्या दिवशी त्यो डोनट तू सगळा खाल्ला व्हतास ना?"

कल्याणीने त्याच्याकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. त्याचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला धरलेले होते, गाडी घाटात असल्यासारखे.

तिला तो तुकडा दिसला. टीव्हीशेजारचा उघडा डबा दिसला. डब्यात जाणारा साळुबाईचा सुरकुतलेला हात दिसला. खरं सांगायचं तर त्या हाताचंही सांगावं लागलं असतं. मग याने आयुष्यभर आपल्या आईला त्या डब्यापाशी उभं बघितलं असतं.

"व्हय," ती म्हणाली. "सगळा."

"कण न्हाई ठेवला?"

"न्हाई."

नवनाथने टेबलाची कड सोडली. "मंग दोघांनी मिळूनच ठरवलं म्हणायचं."

"दोघांनीच."

त्याने साखरेचा डोनट उचलला आणि खायला लागला. खाता खाता रडायला लागला. साखर दाढीला लागली. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून दुसरीकडे बसली. कल्याणीने काळा डोनट घेतला. चहा मागितला नाही. प्रत्येक घास ती गिळेपर्यंत तोंडात फिरवत होती. शेवटी बशीत पडलेला चुरा तिने बोटाने टिपला आणि तोही खाल्ला.

परतताना दिवस मावळतीला लागला होता. हौद्यात जाळीची भेंडोळी आणि लोखंडी अँगल होते, खड्ड्यांत खणखणत होते. उसाच्या वळणावर नवनाथने हॉर्न दिला. मग थांबला, पुन्हा दिला, आणि हात काढलाच नाही. अंगण समोर दिसत होतं. टोकाचा दगड दिसत होता. दोघांतलं कुणीही दार उघडेना.

"तू आधी घरात जा," तो म्हणाला. "मी हॉर्न वाजवत ऱ्हातो."

कल्याणी उतरली आणि उसाकडे तोंड करून, मागे मागे चालत घराकडे निघाली.