बाबांचा हात आणि खिशातला कॅमेरा

माझ्या नवऱ्याच्या मते आमच्या रोह्याच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू आहेत. लागणाऱ्या, आणि मी आणलेल्या. खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा आणला तेव्हा त्याने तो उलटसुलट करून पाहिला, "नव्याची नवलाई नऊ दिवस," एवढं म्हटलं आणि तो सेकंड शिफ्टला निघून गेला. मला राग आला. मग मीही हट्टाला पेटले. हा कॅमेरा लग्नामुंजींसाठी ठेवायचा नाही, रोज वापरायचा.

चष्म्याच्या घराएवढी वस्तू. वर एक इवलंसं डोकं. धरणाऱ्याचा हात कसाही हलो, ते डोकं आपलं आपण सावरून घेतं आणि चित्र हलत नाही. पहिल्या आठवड्यात मी घावन उलटताना व्हिडिओ काढला, कुंडलिका नदीच्या काठाने भराभरा चालताना काढला, रविवारी दुपारी घोरणारा नवराही काढला. घावन फाटलं, पण चित्र स्थिर. नवरा म्हणाला, "आता हे कोण बघणार?" मी अजून चिडले.

दुसऱ्या रविवारी कॅमेरा पर्समध्ये टाकून मी पेणला माहेरी गेले. गाडीतून निडीची शेतं काढली, कासूला गाडी रखडली तेव्हा फलाटावर शेंगा सोलत बसलेल्या दोन बायका काढल्या. त्यांनी मला हात केला. मी खूश झाले.

माझं माहेर म्हणजे गणपतीचा छोटा कारखाना. अंगणावर पत्रे टाकलेले, खाली फळ्यांवर ओळीने गणपती. आई अंगाचा रंग, पितांबर, दागिने करते. डोळ्यांची आखणी मात्र बाबांची. आखणी सगळ्यात शेवटी होते आणि तिचा आमच्या घरात एक नियम आहे, आजोबांच्या काळापासूनचा. एकदा डोळे उघडले की त्या तोंडाला दुसऱ्याने ब्रश लावायचा नाही. लहानपणी मी एका गणपतीच्या गालावर बोटाने टिंब काढलं होतं, तेव्हा बाबांनी मला दिवसभर कारखान्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. एरवी त्यांनी माझ्यावर कधी आवाजही चढवला नाही.

"हा काय हाय गो?" बाबांनी विचारलं. मी त्यांच्या हातात दिला. ते दोन फळ्यांमधून फिरून आले. त्यांचा हात थरथरताना मी पाहिला. मागच्या वर्षी चहाच्या कपापुरता थरथरायचा, आता नुसता धरला तरी. काढलेलं त्यांना दाखवलं. गणपतींची रांग संथ पुढे सरकत होती. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"माझा हात हललेला यात दिसत नाय," ते म्हणाले.

आई नळावर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "माझं एक काम कर. मी आखणी करताना हात काढ माझा, जवळून रेघ नीट दिसत नाय मला आता. तुझ्या आईला विचारतो, हात हलतो काय गो, तर म्हणते, झ्याक आलेत डोळे. दोन वर्सं झाली, एक चूक काढली नाय तिनं. अशी ती बाई हाय काय?"

ती तशी बाई अजिबात नाही. माझ्या भाकरीत ती अजून चूक काढते.

"पण हा तर थरथर काढून टाकतो ना? मग माझीपण काढील."

मी समजावलं, की तो फक्त कॅमेरा धरणाऱ्याची थरथर काढतो. समोरचं जे आहे ते आहे तसंच दाखवतो.

"मग झालं," बाबा म्हणाले. "हात हललेला दिसला तर आजपासून ब्रश खाली. लोकांच्या घरात तिरळा देव द्यायचा नाय मला."

पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने दुसरं काही केलं नाही, त्याने ब्रश खाली ठेवायचा की नाही ते माझ्या हौसेच्या वस्तूवर ठरणार होतं. नाही म्हणायला हवं होतं. पण बाबांनी माझ्याकडे आयुष्यात असं काही मागितलं नव्हतं.

रंगांच्या डब्यांमध्ये मी कॅमेरा टेकवला, तीन गणपतींच्या तोंडांसमोर. बाबांनी एकापाठोपाठ तिघांचे डोळे उघडले. मग आईने जेवायला हाक मारली. आमटी-भात जेवून बाबा पुढच्या खोलीत आडवे झाले, मी पोह्याचे पापड आणायला बाजारात गेले. कॅमेरा बंद करायचा राहून गेला. नवीन वस्तूची एवढी ऐट, आणि ती बंद करायची आठवण नाही!

चारच्या सुमाराला बाबा म्हणाले, दाखव. आई आत चहा करत होती. मी ते माझ्या फोनवर घेतलं आणि आम्ही कारखान्यातच पाटावर बसून बघायला लागलो. पहिल्या गणपतीला ब्रश हवेत थरथरत आला, करंगळी गालावर टेकली आणि हात शांत झाला. पापणीची रेघ अशी आली की मी श्वास सोडला. दुसराही ठीक. तिसऱ्याला करंगळी टेकली तरी हात थांबला नाही. डाव्या डोळ्याची रेघ टोकाशी खाली घसरली. त्या देवाचा चेहरा रडवेला दिसायला लागला.

"थांबव," बाबा म्हणाले.

ते उठले आणि तिसऱ्या गणपतीसमोर जाऊन उभे राहिले. मीही गेले. समोरच्या गणपतीचा डोळा सरळ होता. टोक जिथे असायला हवं तिथे होतं. बाबांनी एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा फोनकडे.

"पुढं चालव."

पुढे बराच वेळ नुसते गणपती. आमची जेवणाची भांडी वाजताना ऐकू येत होती. मग चित्रात आई आली. पदराला हात पुसले. दाराकडे पाहिलं. तिसऱ्या गणपतीसमोर बसली, हात जोडले आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. मग ओल्या कापसाने रेघेचं टोक पुसलं, बाबांचा ब्रश उचलला आणि एका दमात रेघ ओढली.

तिने देवाची माफी मागितली होती. आधी माफी, मग चूक. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला स्वतःचा संतापही आला, कारण ते चव्हाट्यावर आणलं ते माझ्या विसराळूपणाने.

नेमकी तेव्हाच आई चहा घेऊन आली. फोनमध्ये तिला ती स्वतःच दिसली. कपबशी वाजली.

"बंद कर ते," ती मला म्हणाली. मग बाबांकडे न बघता, "तुमचा जीव आखणीत हाय म्हणून केलं. ब्रश सोडला असता तर तुम्ही दोन दिवस जेवला नसतात."

"किती झाले असे?"

"मोजले नाय मी."

बाबा तिसऱ्या गणपतीकडे वळले. मला वाटलं आता लहानपणीसारखं होणार, आईला कारखान्यात पाऊल टाकू देणार नाहीत. मी मध्ये पडायला तोंड उघडलं, तर बाबांनी हातानेच मला गप्प केलं.

"परत दाखव," ते म्हणाले.

त्यांनी तेवढाच तुकडा चार वेळा पाहिला. मग आईकडे वळले.

"करंगळी कुठं टेकलीस?"

"सोंडेवर," आई चाचरत म्हणाली.

"सोंडेवर नाय गो. गालावर. सोंडेवर टेकलीस की टोक वर चढतं. आणि रेघ ओढताना श्वास धरायचा. तुझा सुटतोय मधेच."

आई खाली बसली. चहा तसाच गार झाला.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा बाबांच्या पाटावर आई बसलेली होती आणि बाबा वाटीत काळा रंग घोटत होते. त्यांनी वाटी तिच्यासमोर ठेवली, हात धुतले आणि माझ्याकडे हात पुढे केला. "दे तो तुझा."

मी कॅमेरा दिला. त्यांचा हात इतका थरथरत होता, की तो पडेल म्हणून मी खाली माझी ओंजळ धरून उभी राहिले. आईने एक गणपती पूर्ण करेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

आजोबांपासूनचा नियम बाबांनी मोडला, असं हे ऐकून नवरा म्हणाला. पण मला ते पटत नाही. त्या तोंडाला एकाच हाताचा ब्रश लागायला हवा, तर तो आता आईचा लागतो, एवढंच.

आता हे कोण बघणार, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं आहे. मी बघते. माझ्या कंपनीच्या बसची वाट पाहताना, भाताच्या कुकरची शिटी होईपर्यंत. आईची करंगळी गालावर टेकते. मागून बाबांचा आवाज येतो, "श्वास धर." रेघ पूर्ण होते. "आता सोड." तो सगळा वेळ बाबांनी कॅमेरा धरलेला आहे, आणि चित्र कुठेही हललेलं नाही.