सबिना मुल्लानं नापास केलेली एसएसडी

उचगावच्या एका फाउंड्रीत सबिना मुल्ला गेली नऊ वर्षं कॉम्प्युटरवर पॅटर्न काढते. पंपाचं झाकण असो की गिअरबॉक्स, लोखंड ओतण्याआधी त्याचा आकार तिच्या पडद्यावर तयार होतो. तिचे वडील महंमदभाई हेच पॅटर्न सागवानात कोरायचे. लेकीनं पटाशीऐवजी माउस धरला याचं त्यांना काही वाटलं नाही. फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, याचं मात्र नवल वाटायचं.

मालक धैर्यशील यांना त्याचा रागच यायचा. शेवटी सहाही कॉम्प्युटरना नवी एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी वेगवान ड्राइव्ह, घालायचं ठरलं. च्युइंगमच्या पट्टीएवढी वस्तू, केबल नाही की काही नाही, थेट मदरबोर्डवर बसते. दुकानदार कृष्णातनं एक नमुना पाठवला आणि तो तपासायचं काम सबिनाकडं आलं.

खोक्यावरच्या आकड्यांवर तिचा भरवसा नव्हता. तिनं ड्राइव्ह स्वतः बसवली आणि कास्टिंगच्या स्कॅनचं दोनशे जीबीचं फोल्डर कॉपीला लावलं. पहिलं अर्धं मिनिट ड्राइव्ह सुसाट पळाली, मग एकदम ढेपाळली. तापमान पंच्याऐंशीच्या वर. तीनदा तेच झालं. तिनं रिपोर्टवर ‘नापास’ लिहिलं आणि कृष्णातला फोनवर चांगलंच सुनावलं. एकदा परत बघा ताई, एवढंच तो बिचारा म्हणाला.

दुपारी महंमदभाई तिचा डबा घेऊन आले. कॉम्प्युटर उघडाच होता, कॉपी चालू होती. ड्राइव्हची उष्णता ओढून घ्यायला वर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला त्यांनी बोट लावलं. पडद्यावरचा तापमानाचा आकडा विचारला. परत बोट लावलं.

"आतली वस्तू भाजाय लागलीया आन वरचं ॲल्युमिनियम गार कसं? मधी कायतरी आडवं आलंय बघ."

सबिनानं मशीन बंद करून पट्टी काढली. पट्टीखालच्या मऊ पॅडवर पातळ निळी फिल्म तशीच होती. बसवण्याआधी सोलायची असते ती. तिचे कान गरम झाले. फिल्म काढून तिनं पुन्हा कॉपी लावली. तापमान पासष्टच्या वर गेलं नाही आणि वेग शेवटपर्यंत टिकला.

जेवायच्या आधी तिनं फोन लावला. "कृष्णातभाऊ, चूक माझी हुती. मालात खोट न्हाय."

पलीकडून तो हळूच म्हणाला, "ताई, काल गगनबावड्याला दोन बसवून आलोय. ती फिल्म काढल्याचं मला बी आठवंना झालंय."

संध्याकाळी रिपोर्ट धैर्यशील यांच्या टेबलावर गेला. ‘पास’ आणि त्याखाली, ‘पहिल्या तपासणीत फिल्म माझ्याकडून राहिली होती.’ हे कशाला लिहिलं, त्यांनी विचारलं. अजून पाच बसवायच्या आहेत, ती म्हणाली, बसवणाऱ्यानं वाचलेलं बरं.

त्यांनी सही करून कागद परत दिला.