टेपचं पहिलं पान

नव्वदचं दशक सरत होतं तेव्हा मी आलापल्लीकडच्या एका लाकूड डेपोत संगणक चालवायचो. नागपुरात तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि तेवढ्यावरच अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. जंगलातून आलेल्या सागाच्या प्रत्येक लठ्ठ्याचा नंबर, लांबी आणि घेर संगणकात चढवायचा आणि शनिवारी सगळं एका टेपवर उतरवून ठेवायचं, एवढंच माझं काम. टेप तळहाताएवढी, गाण्याच्या कॅसेटपेक्षा जरा जाड.

आमच्याकडे एक नाकेदार यायचा. नाकेदार म्हणजे आपल्या हद्दीतल्या जंगलाचा राखणदार. पन्नाशीचा माणूस, सायकलवरून यायचा. उन्हाळ्यात माझ्यासाठी पानाच्या द्रोणात टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, आणायचा आणि "खा बाबू, डब्यात मुंडकं घालून बसतेस दिवसभर," म्हणायचा. त्या वर्षी त्याच्यावर बालंट आलं. त्याच्या हद्दीतले तोडलेले लठ्ठे गायब आहेत, ते त्यानंच विकले, असा ठपका ठेवून त्याला सस्पेंड केलं. खरं तर ते लठ्ठे त्यानं माझ्यासमोर डेपोत उतरवले होते, मीच ते चढवले होते, आणि पुढं ते लिलावात निघून गेले होते. पण डेपोचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. संगणकाची डिस्क वीज पडून जळाली होती. उरली होती ती टेप.

नवी डिस्क बसल्यावर टेप घातली, तर वाचेना. नागपूरच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, टेपच्या सुरुवातीला आत काय कुठं आहे याची यादी असते, ती बिघडली आहे. पुढचा मजकूर शाबूत असणार. सगळी टेप पहिल्यापासून वाचून यादी पुन्हा बांधावी लागेल. माझ्याकडे पाठवा, तुम्ही हात लावू नका.

चौकशी चार दिवसांवर आली होती; ती आमच्या डेपोचे साहेबच करणार होते. नाकेदार माझ्या शेजारी स्टुलावर बसला होता. मी त्याला यादीचं समजावून सांगितलं.

"याच्यात नागपूर काऊन पाह्यजे, बाबू? रजिस्टरचं पयलं पान फाटलं तं आमी नवीन पान चिकटवतो. मांगचं लिवलेलं जागच्या जागी राह्यते."

मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं. साहेबांसमोर मिरवायचं होतं. नवी यादी तयार करायची का, असं पडद्यावर विचारलंच होतं. मी 'हो' दाबलं. टेप जराशी घरघरली आणि मिनिटभरात नवीकोरी यादी तयार झाली. तिच्यात एकही नोंद नव्हती.

इंजिनियरला पुन्हा फोन लावून काय केलं ते सांगितलं. तो म्हणाला, मजकूर अजून टेपवर आहे, पण नव्या यादीनं स्वतःनंतर लगेच 'इथं संपलं' अशी खूण मारली आहे. माझंही यंत्र त्या खुणेच्या पुढं जात नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण त्याच्या कपाळी आलं. तो रोज यायचा आणि मी रोज "शोधून राह्यलो" म्हणायचो.

चौकशीच्या सकाळी तो पांढरा शर्ट घालून आला. खाकी घालायची त्याला मनाई होती. साहेब माझ्या टेबलाशीच उभे होते.

"सापडलं का, बाबू?"

मी म्हणालो, "तुमीच तं सांगतलं होतं ना, भाऊ, नवीन पान लावा म्हणून."

हात लावू नका असं मला बजावलं होतं, हे मी बोललो नाही. त्या लपवण्याची मला आजही किळस येते.

तो साहेबांकडे वळला. "हो साहेब, मीच म्हणलं होतं. ह्या पोराची चूक नाई."

साहेबांनी ते लिहून घेतलं. टेपवरचा पुरावा घालवायला नाकेदारानंच सांगितलं, असं त्याच्या बोलण्याचं कागदावर वाक्य झालं. त्याच कागदावर त्याची नोकरी गेली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.