घरातली मतं

मतदानाच्या आदल्या दिवशी, चाकूरच्या आमच्या घरी, धाकट्या भावानं आईला मोबाईलवर रील दाखवत बजावलं, "खऱ्या मर्दाच्या घरातली मतं फुटत न्हाईत. मी सांगतो तेच बटण दाब."

तरुणपणी पत्रकं वाटत गावोगाव फिरलेली आई भाकरी थापतच म्हणाली, "आरं मर्दा, तुझ्या उमेदवारानं केलेलं एक काम सांग. पटलं तर दाबते."

त्यानं रील पुन्हा लावली. तिच्यात नुसते दंड, मिशा अन् गाड्या. त्यानं मोबाईल खिशात घातला.

सकाळी केंद्राबाहेर त्याच्या मित्रांनी त्याला विचारलं, "आईचं मत कुणाला?"

"तिलाच विचारा."

"बाईचं ऐकायलास का?"

"व्हय, ऐकतो," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

माझी छाती फुगली. त्यानं स्वतः कुणाला मत दिलं, हे आम्ही विचारलं नाही.