बरणीतला लसूण

नातवंडांनो, तुमच्याकडचा लसूण जाळीच्या पिशवीतून येतो, पांढराशुभ्र आणि एका मापाचा. तुमच्या आईने मला फोटोत दाखवला. आपल्या घरचा लसूण पाहिलात तर तुम्हाला त्याची कीव येईल. गड्डा सुपारीहून जरासा मोठा, आत दहा-बारा पाकळ्या दाटीवाटीने बसलेल्या, सालीवर जांभळट रेघा. सोलताना नखं दुखून येतात. पण दोन पाकळ्या फोडणीत पडल्या की वरच्या मजल्यावरची मंडळी जिना उतरताना विचारतात, आज काय बेत?

हे बियाणं तुमच्या आजोबांच्या आईचं. साताऱ्याकडच्या गावी त्या परसात लावायच्या. त्यांच्यामागे त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या नणंदेने, ते चालू ठेवलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, तरी मी तिला वन्संच म्हणते. तिच्या मुलाने परसातल्या वाफ्यावर गाडीसाठी शेड बांधली, तेव्हा वन्सं उरलेला सगळा लसूण पिशवीत घालून नेरूळला आमच्याकडे आल्या.

"वहिनी, तुमच्या गच्चीवर लावा यंदा. कुठंतरी राहिला पाहिजे. मी शेडच्या मागं जागा करून घेते नि पुढच्या कार्तिकात येऊन बी नेते. आता दुसऱ्या कुणाकडं नाही हा."

मी म्हटलं, निर्धास्त राहा. अव्यवस्थितपणाचा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नव्हता.

लावणीत काही चुकलं नाही. सोसायटीने गच्चीचा एक कोपरा मला लेखी दिला होता, तिथे कुंड्या मांडल्या. फाल्गुनात पाती पिवळ्या पडल्या, माना टाकून आडव्या झाल्या. मी दहा दिवस आधी पाणी तोडलं होतं. एका सकाळी सगळा लसूण उपटला. दोन सुपं भरली.

इथून पुढे माझं शिक्षण कामाला आलं.

आमच्याकडे स्वयंपाकाला दिघ्याहून एक बाई येतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, पण या शहराच्या रीतीप्रमाणे त्या सगळ्यांच्या मावशी आहेत. मी गड्डे नळाखाली धरलेले पाहून त्या कणीक मळता मळता थांबल्या.

"आजी, धुताय कशाला ओ? लसूण कुनी धुतं का?"

"माती आहे त्याला."

"मातीतच आलाय ना तो. झटकायचा, पातीसकट सावलीत पसरायचा. पंधरा दिवसांनी जुडी बांधायची आन् ओट्याच्या वर लटकवायची. आमच्या मराठवाड्यात तर चुलीवरच टांगतात. धूर लागला की वर्सभर हूं का चूं करत नाही."

मी त्यांना शांतपणे समजावलं. एक तर आमच्याकडे चूल नाही. दुसरं म्हणजे स्वयंपाकघर नव्याने करून घेतलेलं, आणि खिळा ठोकलात तर हमी संपली, असं कारागिराने जाताना बजावलेलं. शिवाय जुडीतून फोलपटं गळणार, तीही धुतलेल्या भांड्यांवर. मावशींनी कणकेत पुन्हा हात घातला. "तुमी शिकलेल्या," एवढंच म्हणाल्या. मला ते कौतुक वाटलं.

बागकामाच्या एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं की लसूण कोरड्या जागी साठवावा. आता पावसाळ्यात नवी मुंबईत कोरडी जागा कुठली? भिंतींना ओल, कपाटातल्या साड्यांना वास, मिठाचं पाणी. विचार करता एकच जागा कोरडी ठरली, घट्ट झाकणाच्या बरणीचा आतला भाग. या तर्कात मला अजूनही खोट सापडत नाही, फक्त तो लसणाला लागू पडला नाही. मी धुतलेले गड्डे दोन दिवस गच्चीच्या कडक उन्हात ठेवले, मुळं आणि देठ कात्रीने बरोबरीत कापले, काचेच्या चार बरण्या भरल्या आणि वर 'बियाणे' अशा चिठ्ठ्या लावल्या. फडताळात त्या इतक्या देखण्या दिसत होत्या की पाहुण्यांना दाखवाव्यात. दाखवल्याही.

वन्संचा महिन्यातून एकदा फोन यायचा. आधी भावाची चौकशी, मग लसणाची.

"बरा आहे ना?"

"झकास आहे. काचेतून दिसतोय."

"काचेतून?" एकदा त्या म्हणाल्या. मी विषय बदलला.

आषाढात बरण्यांना आतून घाम आला. मी तो बाहेरून पुसत राहिले. अखेर एक दिवस मावशींनी मला न विचारता एका बरणीचं झाकण फिरवलं आणि चेहरा मागे घेतला. तळाचे गड्डे काळ्या बुरशीने माखले होते, मधले दाबले की बोट आत जात होतं. वरच्या काही पाकळ्यांना हिरवे कोंब फुटले होते. चारी बरण्या ओट्यावर ओतल्या. त्यातून चांगल्या म्हणाव्या अशा सतरा पाकळ्या निघाल्या, त्याही कोंब आलेल्या. कार्तिकाला तीन महिने होते. तोवर त्या टिकणार नव्हत्या, आणि भर पावसात लसूण लावत नाहीत.

मावशी त्या पाकळ्या वाटीत ठेवून ओटा पुसू लागल्या. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"लावायच्या. मरायचंच हाय तर मातीत मरू दे."

बाल्कनीच्या ग्रिलमध्ये, पाऊस लागणार नाही अशा दोन कुंड्यांत आम्ही त्या लावल्या. त्या महिन्यात वन्संचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

पाती बारीक आल्या, कशाबशा वाढल्या आणि दिवाळीच्या सुमारास वाळल्या. उकरून पाहिलं तर चौदा गोळ्या निघाल्या. गड्डे नव्हेत, गोळ्या. खेळायच्या गोटीएवढी एकेक, आत पाकळ्या नाहीतच, सबंध एकच. मला वाटलं, बियाण्याची जातच बिघडवली मी.

शेजारणीने मात्र त्या ताटलीत पाहिल्या आणि तिचे डोळे चमकले. "काकू, हा तर एककळी लसूण. बीपीवर रामबाण. तुम्ही पिकवलात?" तासाभरात लिफ्टमध्ये माझा सत्कार झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला बागेतलं काही कळतं असं लोकांचं मत झालं. तुमच्या आजोबांनीही ते ऐकलं. दोन दिवसांनी मोजल्या तर नऊ उरल्या होत्या.

"रोज सकाळी एक, दोन दिवस," ते म्हणाले.

"मग पाच कशा गेल्या?"

"दुपारी पण बीपी असतंच की. काल रात्रीही होतं."

"तुमच्या आईचं बियाणं होतं ते."

"म्हणूनच लागू पडतंय," ते म्हणाले. पण मग त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी ताटली स्वतःच उचलून देवघरात ठेवली.

वन्सं ठरल्याप्रमाणे कार्तिकात आल्या. चहाही न घेता म्हणाल्या, "दाखवा." मी ताटली पुढे केली आणि धुण्यापासून घामापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. मावशी पोळ्या लाटत होत्या, लाटणं अगदी हळू फिरत होतं.

"बरणीत?" वन्सं म्हणाल्या. "लोणचं घालायचं होतं का?"

मी ताटलीतल्या गोळ्या ओळीत लावू लागले.

"आणि फोनवर झकास?"

त्यांनी एक गोळी उचलली, सालीवरची जांभळी रेघ नखाने चाचपून पाहिली, वास घेतला. बराच वेळ घेतला.

"आहे," त्या म्हणाल्या. "जात आहे तशीच आहे. ह्या लावल्या की पुढच्या खेपेला पाकळ्या धरतील." मग लाटण्याच्या दिशेने पाहत विचारलं, "ह्या कोंबांना मातीत घालायचं कुणाला सुचलं?"

मी सांगितलं.

त्यांनी वाटणी तिथेच केली. पाच स्वतःसाठी पदराच्या टोकात बांधल्या. "सगळ्या नेत नाही. माझ्याकडंबी काय झालं तर?" मला वाटलं, उरलेल्या चार माझ्या. त्यांनी दोन मावशींच्या पिठाळ हातावर ठेवल्या आणि दोन माझ्या.

मावशींनी त्यांच्या दोन दिघ्यात दाराबाहेर रंगाच्या डब्यात लावल्या आहेत. दोन्ही उगवल्या. वन्संनी त्यांचा नंबर घेतला होता, आता लसणाची चौकशी थेट तिकडे होते. मला फोन आला की तब्येत विचारतात. माझ्या कुंडीत एक पात वर आली आहे, दुसरी अजून नाही. उकरून बघायची नाही, असं तुमच्या आजोबांनी आणि मावशींनी मिळून मला सांगितलं आहे.