नावेच्या तोंडाशी सासूबाई

ये नातबाई, अशी जवळ बस. इतक्या महिन्यांनी आली अन् दारातच काऊन उभी? ऐक, तुले एका मिस्त्रीची गोष्ट सांगते.

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. मी नवी सून होती. वैनगंगेपलीकडे माहेरी माह्या भावाचं लग्न, नावेनंच जावं लागे, पण सासूबाई म्हणत, "वारा पडला का शीड लोंबते. अन् थे मरतुकडं इंजन धारेत दम सोडते. नाई जायचं."

लग्नाच्या आदल्या दिवशी नावाड्यानं बोलावलेला एक परका मिस्त्री आला. कानामागे बिडी, बोलणं कमी. त्याने नावेत भातगिरणीचं दुप्पट ताकदीचं इंजन बसवलं अन् वैद्यासारखे डोळे मिटून त्याची धडधड ऐकली. पण इंजनाच्या वजनाने नाव मागून दबली, तोंड आभाळाकडे! मले रडूच आलं.

मिस्त्रीने काठावरच्या सगळ्यांना नीट न्याहाळलं अन् आमच्या धिप्पाड सासूबाईंपुढे हात जोडले. "बाई, ताकद इंजनात हाये, पण तोल तुमच्यापाशी हाये. पुढं बसता का?"

सासूबाई चक्क लाजल्या. "माह्याबिगर नावच चालत नाई म्हंते!" असं सांगत त्या ऐटीत पुढे बसल्या. नाव सरळ झाली.

मी माहेरी पोचली, सासूबाईंसकट. पुढे प्रत्येक माहेरपणाला त्या सोबत!

मिस्त्री पुन्हा दिसला नाही. कोणाचं वजन इतक्या मानाने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता मीही सासूबाईंसारखीच धिप्पाड झाली आहो. पुढच्या बारीले लवकर ये. नावेनं पलीकडे माह्या माहेरी जाऊ, पुढं मी बसन.