मोठा पिस्टन आणि तो चढाव

घाटंजीच्या बाजारातून परत येत होतो. पुढं मी, मागं बायको, दोघांच्या मधात बाजाराची थैली आणि टाकीवर ढेपेचं अर्धं पोतं. चढाव आला तशी ती नेहमीसारखी म्हणाली, "थांबवा." उतरली, पदर खोचला, थैलीतून शेवेची पुडी काढून हातात घेतली आणि चालायला लागली. मी पहिल्या गिअरवर गाडी रेटत वर गेलो. चार-पाच वर्षांपासून हेच चालू होतं. गाडी जुनी, शंभर सीसीची. दोन माणसं आणि ओझं त्या चढावावर ओढत नव्हती.

चढाव संपतो तिथं पानठेला आहे. ती येईपर्यंत मी तिथं थांबायचो. तिला अर्धा तास लागे. एवढासा चढाव आणि अर्धा तास! तोवर ठेल्यावरचे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारे रिकामटेकडे मला सोलून काढत. "काय बुढेबुवा, आज बी बुढी पार्सलनं येऊन राह्यली काय?" मी तोंड फिरवून बसायचो. ती आली की पुडीत शेव अर्धीच. "वाटेनं खात येतं काय वं ढोरावानी?" मी विचारायचो. ती म्हणायची, "भूक लागते. तुम्ही चढून पाहा एक डाव, मंग समजन."

त्याच दिवशी घरी आल्यावर मी तिला सांगितलं, पुढचा बाजार झाला की गाडी मिस्त्रीकडं टाकतो. मोठा पिस्टन बसवतो. आता उतरायचं काम नाही.

"राहू द्या नं," ती म्हणाली. "मले बरं वाटते चालणं."

मी समजलो, बाईमाणूस असंच बोलते. ऐकलं नाही. खरं सांगायचं तर तिच्या पायासाठी नव्हतंच ते. ठेल्यावर माझं नाक कापलं जात होतं, त्यासाठी होतं.

पुढचा बाजार झाला, दुसऱ्या दिवशी गाडी टाकली. मिस्त्रीनं इंजिन खोललं. त्याच्या भाषेत बिग बोअर किट. म्हणजे जुना ब्लॉक आणि पिस्टन काढून मोठे बसवायचे. पण मोठा ब्लॉक खालच्या केसिंगमध्ये मावत नाही, म्हणून केसिंगचं तोंड यवतमाळच्या लेथवर कोरून आणायचं. "एकदा कोरलं का मंग जुना नीट बसत नाही, काका," तो म्हणाला आणि खर्र्याची पिचकारी माझ्या पायाशी मारली. मी म्हटलं, कोर.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको जेवून भिंतीला टेकली. मी ताट उचलायला सांगितलं तर उठली नाही. पुन्हा सांगितलं. माझा शेवटचा शब्द तिच्याशी ताटाचा.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. मिस्त्रीचा निरोप आला, गाडी तयार आहे. जाऊन आणली. त्यानं जुना पिस्टन प्लास्टिकच्या पन्नीत घालून दिला. काळा, तेलकट, एका बाजूनं घासलेला. वीस वर्षं ज्यानं आम्हा दोघांना वाहून नेलं, त्यावरही खर्र्याचा लाल शिंतोडा होता. मी शर्टानं पुसला. डाग निघाला, शिसारी निघाली नाही. गाडीचा आवाज तर असा की कोणी घसा खाकरून थुंकायच्या बेतात आहे आणि थुंकतच नाही. पायाजवळ चटका, नाकात जळक्या तेलाचा वास. ठेल्यावरचे धावत आले. "वा बुढेबुवा, आता तं जवान झाली!" मला वाटलं, याच्या तोंडात तो पिस्टन कोंबावा.

पुढच्या बाजारी एकटाच गेलो. येताना चढावावर गाडी अशी सुटली की गिअर बदलायला लागला नाही. मागं कोणी नाही, ओझं नाही, आणि हिची ही मस्ती. अर्ध्या चढावावर मोहाचं झाड आहे. त्याखाली शेळ्या राखणारी एक कोलाम बुढी बसते. ती काठी हलवून ओरडली. मी वर जाऊन गाडी फिरवली आणि चिडूनच खाली आलो.

"काय हाये?"

"बाई कुठं हाये, भाऊ?"

"गेली."

"माहेरी?"

"मेली," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

तिनं काठी खाली ठेवली.  मग झाडाच्या मुळाजवळचा एक सपाट दगड दाखवला. "इथं बसे. दर बाजारी. शेव आणे माह्यासाठी. मी पाणी देवो, मंग आम्ही बोलत बसो. मांगच्या डावी म्हणे, बुढा मोठं इंजिन बसवून राह्यला, आता मले कोणी उतरू देत नाही."

"मंग मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"सांगतलं म्हणे. तुमाले ऐकू नाही आलं."

माझं डोकं तापलं. बायकोवर नाही, माझ्यावरच. आठवड्यातून अर्धा तास, तेवढाच तिचा होता. ना चूल, ना ढोरं, ना मी. आणि मी तो लेथवर घालून कोरून टाकला. वर तिला ढोर म्हणालो. घरी आलो, गाडी भिंतीला लावली, तिच्यावर पोतं टाकलं. पाहवेना.

सकाळी उठलो. गावच्या दुकानातून शेव घेतली. गाडीवरचं पोतं तसंच राहू दिलं आणि पायी निघालो. चढाव आधी तळापर्यंत उतरलो आणि तिच्यासारखा पायी चढलो; झाडापर्यंत पाऊण तास लागला. गुडघे फुटायची वेळ आली, दोनदा थांबलो. जाताना ठेल्यावरून कोणीतरी हाक मारली, त्याला आईवरून शिवी दिली. बुढी झाडाखालीच होती. मी दगडावर बसलो, पुडी पुढं केली. तिनं चार शेवा तोंडात टाकल्या आणि तोंड वाकडं केलं.

"वातड हाये. बाजाराची नाही हे."

"नाही. गावातली हाये. काय बोलत होती ती तुह्याशी?"

"तुमच्याच चुगल्या," ती म्हणाली. "दुसरं काय?"

"सांग मंग," मी म्हटलं. "सगळ्या सांग."